ठोकळ्यांना लावलेलं तेल

बीबी, ता. लोणार
२२ सप्टेंबर २०२५

चि. निशिगंधा हिस आईचे अ. उ. आ.

आज घट बसले. इकडे सगळे खुशाल. तुझ्याशी बोलणार नाही अशी शपथ घेतली आहे, लिहिणार नाही अशी घेतलेली नाही, म्हणून हे पत्र. तू ट्रेलर चालवणं सोडेपर्यंत एक शब्द बोलणार नाही, असं मागच्या वर्षी देवासमोर सांगितलं आणि पाळलं. मेहकरचे पाहुणे तुला पाहायला येत होते आणि तू लोखंडी सळया लादून त्यांच्याच गाडीला मागे टाकलंस! ते अर्ध्या रस्त्यातून वळले ते वळलेच. तुझे बाबा अजून चारचौघांत ती गोष्ट हसून सांगतात. त्यांचा जन्म ट्रकवर गेला, पोरीच्या हातातही तेच दिलं, त्यांना काय बोलणार?

लिहायचं कारण वेगळं. खंडेनवमीला विळा, कोयता, वखर सगळ्यांची पूजा होते. तुझी अवजारं काऊन वगळायची? नांदुऱ्याच्या त्या यार्डात हळदीकुंकू वाहायला कोण आहे? गाडी घेऊन ये. जेवायला वाढीन, बोलणार मात्र नाही.

लोभ आहे, पण सांगायला लावू नकोस.
तुझी आई, शालू

*

नांदुरा
२६ सप्टेंबर २०२५

ती. सौ. आईस सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना डबा तसाच राहिला. येते. मालक अर्जुनरावांनी नवमीसाठी आदल्या रात्रीच रिकामा ट्रेलर घरी न्यायची परवानगी दिली आहे. ते म्हणाले की दसऱ्याला संध्याकाळपर्यंत परत आण, कारण तीन तारखेला मोठं काम आहे. नांदुऱ्याहून एक अवजड ट्रान्सफॉर्मर राजूर घाट चढून आपल्या सुलतानपूरकडे न्यायचा आहे. इतर ड्रायव्हर कुजबुजतात की बाईच्या हातात एवढा माल दिला म्हणजे मालकाचं डोकं फिरलं. काही गडबड झाली तर पुन्हा मला असं काम मिळणार नाही, हे मलाही ठाऊक आहे आणि त्यांनाही.

बाबांना सांग, गाडी चालू असताना फोन उचलायचा नाही हा त्यांचा नियम पाळते. त्यांचाही उचलत नाही. पुरणाची पोळी करशील का? बोलू नकोस, नुसती मान हलव.

तुझ्या अबोल्यासकट तुझीच,
निशिगंधा

*

बीबी
३ ऑक्टोबर २०२५, सकाळ

चि. निशिगंधा हिस अ. उ. आ.

काल तू गेलीस आणि अंगण मोकळं झालं. हे पत्र पोहोचेल तेव्हा तुझा ट्रान्सफॉर्मर जागेवर बसलेला असेल. दोन दिवस तू घरात वावरत होतीस आणि मी तोंडाला कुलूप लावून! स्वयंपाकघरातून तुझं आणि बाबांचं हसणं ऐकत होते. किती वेळा जिभेवर शब्द आला आणि गिळला.

एक गंमत सांगते. नवमीला पहाटे तू झोपलेली होतीस, तेव्हा मी एकटीच गाडीवर चढले. या वयात! साखळ्या पुसल्या, मालाखाली घालायचे ते लाकडी ठोकळे आणि रबराचे तुकडे सगळे खाली काढून ओळीने मांडले. किती कोरडे पडले होते ते! वखराच्या लाकडाला देते तसं करडईचं तेल दिलं. रबरालाही चोळलं, मुरलं तसं पुन्हा चोळलं, मग फडक्याने पुसून हळदीकुंकू वाहिलं. देवाला म्हटलं, हिचा धंदा मले आवडत नाही, पण हिची अवजारं तू सांभाळ. तू उठल्यावर त्या ठोकळ्यांना डोकं टेकवलंस, ते मी खिडकीतून पाहिलं.

तुझे बाबा शेतातून आले. माझ्या खांद्यावरून वाचताहेत. चष्मा काढला त्यांनी. विचारतात की तेल नक्की कशाकशाला लावलं. चेहरा असा काय झाला यांचा? रबर म्हणजे माल घसरू नये म्हणून असतं, म्हणतात. तुला फोन लावताहेत. तू उचलत नाहीस. पुन्हा लावताहेत. निशे, तू घाटात तर नाहीस

*

बुलढाणा
४ ऑक्टोबर २०२५

ती. सौ. आईस सा. न. वि. वि.

मी ठीक आहे. गाडी ठीक आहे, मालही ठीक आहे. काल फोनवर तू इतकी रडत होतीस की हे तुला नीट ऐकू गेलं की नाही कोण जाणे, म्हणून लिहिते.

बाबांचे फोन येत होते. घाट लागला होता आणि त्यांचाच नियम, म्हणून पाहिलंही नाही. मग एका वळणावर फोनवर तुझं नाव दिसलं. आई, वर्ष झालं ते नाव उजळलं नव्हतं. माझ्या मनात एकच आलं, बाबांचं काही बरंवाईट झालं. वळणाच्या पुढे थोडी रुंद जागा होती तिथे गाडी घेतली, ब्रेक ओढला, चाकांमागे दगड लावले आणि पुन्हा वाजला तेव्हा उचलला. तू एवढंच म्हणालीस की गाडी थांबव वं बाई, म्या तेल लावलं.

मागे जाऊन पाहिलं. ट्रान्सफॉर्मर वीतभर मागे सरकलेला. एक साखळी ढिली पडलेली, दुसरी इतकी ताणलेली की हात लावायला भीती वाटली. मागे गाड्यांची रांग आणि दुचाकीवर लेकरांना घेऊन बसलेली माणसं. मी ओरडून ओरडून सगळ्यांना मागे हटवलं. ठोकळ्यांना आपल्या स्वयंपाकघराचा वास येत होता. आणखी दोन वळणं गेले असते तर काय झालं असतं ते लिहवत नाही.

मग क्रेन मागवली. माल उचलून धरला, तेलकट सगळं काढलं, खाली कोरडं लाकूड आणि नवं रबर घातलं, पुन्हा आवळलं आणि घाट चढले. बुलढाण्याला अर्जुनराव वाट पाहत होते. त्यांनी विचारलं, तेल कोणी लावलं. मी सांगितलं, मी लावलं. अगदीच खोटं नाही ते, चूक माझीही आहे. माल चढवण्याआधी प्रत्येक ठोकळ्यावरून हात फिरवायचा हे बाबांनी शिकवलंय. मी हळदीकुंकू पाहिलं, डोळे भरून आले आणि हात न फिरवताच रचून मोकळी झाले. त्यांनी चावी काढून घेतली. ट्रान्सफॉर्मर पुढे दुसरा ड्रायव्हर नेणार. माझं काय करायचं ते सोमवारी नांदुऱ्याला सांगतील. तुझी शपथ फळली म्हणायची.

स्वतःला दोष देऊ नकोस. तुझ्या फोननेच मी थांबले.

तुझी, सध्या पायी चालणारी,
निशिगंधा

*

बीबी
५ ऑक्टोबर २०२५

चि. निशिगंधा हिस पोटभर आशीर्वाद.

पत्र तुमच्या यार्डातल्या ड्रायव्हरने आणून दिलं. त्याच्याच हाती हे पाठवते, तो थांबला आहे.

जे मागितलं ते मिळालं. तू गाडीवरून उतरलीस. मग मला घास का गिळवत नाही? तुझ्या बाबांनी एकदाही मला बोल लावला नाही. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

उद्या पहिल्या एसटीने नांदुऱ्याला येते. अर्जुनरावांना मी सांगणार आहे की तेल मी लावलं. पोरीने आईला झाकायला आळ स्वतःवर घेतला. आणि हेही सांगणार आहे की भर घाटात, चढावर, सरकता माल घेऊन तिने गाडी थांबवली, एवढी माणसं वाचवली, आणि मग तोच माल वर नेला. असा ड्रायव्हर सोडायचा असेल तर खुशाल सोडा, पण आधी माझ्या तोंडाकडे पाहून सांगा. चावी घेतल्याशिवाय उठणार नाही. ते म्हणतील, बाई, तुम्हालाच तर हिनं गाडी सोडलेली पाहिजे होती. म्हणू देत.

शपथ मोडलीच आहे, आता काय राहिलं? वर्षभराचं बोलणं साचलंय, स्टँडवरच सुरू करीन. तेलाची बाटली सोबत आणते. न्हाऊ नकोस. डोकं कोरडं ठेव. तेल आता तुझ्या डोक्यालाच लावीन.

तुझी,
आई