विरजणाएवढा अझोला

आई, काल सकाळी तळ्यात जाळं टाकलं. पहिलाच गवत्या मासा वर आला तो माझ्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत लांब. जाळ्यात असा उसळला की नवऱ्याचा चष्मा पाण्यात गेला, आणि चष्मा शोधायचं सोडून तो ओरडत राहिला, "अगं, काटा आण! वजनकाटा आण!" मी हसत हसतच काटा आणायला धावले. हे कुणाला तरी सांगायला हवं होतं. तू जाऊन एकवीस वर्षं झाली, तरी पहिली तूच आठवलीस.

तुला हे तळं माहीत नाही. कल्याणच्या पुढे, वीटभट्टीसाठी माती काढून उरलेला मोठा खड्डा आहे. माझी ठाण्यातली नोकरी सुटली तेव्हा आम्ही तो भाड्याने घेतला. मासे वाढत होते, पण त्यांना शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा किती घालावा याला अंत नव्हता. मासे विकून जे यायचं ते पुन्हा त्यांच्याच पोटात जायचं. नवरा म्हणाला, "एवढं वर्ष बघू. नाहीतर सोडून देऊ." तळं गेलं असतं तर रोज सकाळी उठून जायला मला दुसरी जागा नव्हती. मग कुणीतरी अझोल्याचं सांगितलं. पाण्यावर तरंगणारी वनस्पती, तिळाएवढी पानं, एकमेकांना धरून वाढतात आणि हिरवी गोधडी अंथरल्यासारखी दिसतात. उथळ हौदात थोडा शेणकाला कालवून मूठभर सोडली की काही दिवसांत दुप्पट, मग चौपट. गवत्या ती आवडीने खातो. जवळच्या गोठ्यातली बाई ती गाईंना घालते. तिने बादलीभर दिली आणि बजावलं, "आर्दा ठेवाचा हौदान." माझा हौद भरला तेव्हा मला इतका आनंद झाला की एका सकाळी सगळाच्या सगळा तळ्यात ओतला. मासे तुटून पडले. पाणी खदखदत होतं. संध्याकाळी तळं साफ, आणि हौदही साफ.

त्या रिकाम्या हौदापाशी उभी असताना मी नौपाड्यातल्या आपल्या स्वयंपाकघरात आहे. मी नऊ वर्षांची. दह्याचं भांडं बोटाने पुसून चाटलंय, आणि तू ओट्यापाशी वळून बघतेस. तू रोज दही वाढण्याआधी चमचाभर बाजूला काढायचीस. पाहुणे असोत, ताटं जास्त असोत, तो चमचा कुणाच्या पानात गेला नाही. त्या दिवशी तू विसरली होतीस, आणि मी विचारलं नव्हतं. "उद्याचं दही आज खाल्लंस," तू म्हणतेस. आवाज चढवत नाहीस. हातात वाटी देतेस. "जा, खालच्या काकूंकडून विरजण आण. तुझं तू माग."

गोठ्याच्या वळणावरून मी दोनदा स्कूटर परत फिरवली. तिसऱ्यांदा गेले. ती बाई गाईला धूत होती. मी सांगितलं तशी पाण्याचा मग हातात धरूनच हसायला लागली. "सगलाच घातलास मासल्यांना? आता काय, नुसता पानी पाजशील?" मी मान खाली घातली. "अगं, रडतेस कना? बादली आनलीस का?" मी बादली आणलीच नव्हती, एक डबा आणला होता. तिने आपलीच बादली भरून दिली. आई, इतकं सोपं होतं ते.

आता रोज सकाळी मी आधी हौदात ठेवायचा भाग काठीने एका बाजूला सारते, मगच माशांचा काढते, धुते, आणि तळ्यातल्या बांबूच्या चौकटीत सोडते. पेंड अजून लागते, पण पूर्वीच्या मानाने फारच थोडी. काल काटा थांबला तेव्हा नवरा आकड्याकडे बघत राहिला. मग चष्म्याशिवाय माझ्याकडे बघून म्हणाला, "ठेवू या तळं." मी तिथेच काठावर बसले. आज दुपारी पलीकडच्या गावचे एक काका सायकलला डबा अडकवून आले आणि संकोचत म्हणाले, अझोल्याचं थोडं बियाणं मिळेल का? मी डबा काठोकाठ भरला.

ते गेल्यावर मला राहवेना, म्हणून हे लिहायला बसले. हा कागद कुठे जायचा नाही, म्हणूनच लिहिता येतंय. त्या दिवशी मी खालच्या काकूंकडे गेलेच नव्हते. मला लाज वाटत होती. जिन्याच्या वळणावर वाटी मांडीवर घेऊन त्यांच्या घरातला ताक घुसळल्याचा आवाज ऐकत बसले, पुरेसा वेळ गेला असं वाटल्यावर वर आले आणि तुला सांगितलं, "नाही म्हणाल्या." तू वाटी घेऊन जागेवर ठेवलीस. पण त्यानंतर तू त्यांच्याकडे कधी काही मागितलं नाहीस. हळदीकुंकवालाही दारातूनच परतायचीस. तुझ्या शेवटच्या आजारात त्या रोज पेज घेऊन यायच्या, तेव्हाही तू तोंड भिंतीकडे करून पडायचीस.

त्यांच्याकडे विरजण होतं, आई.