माझ्या हातातला खोटा फलक

तीर्थस्वरूप आत्यास,

ऋजुताचा साष्टांग नमस्कार (हा कागदावरच गोड मानून घे, माझ्या माडीवरच्या खोलीत पलंग आणि पुस्तकं वगळता साष्टांग घालण्याइतकी जागा उरत नाही, आणि धप्प आवाज झाला की घरमालकीणबाई मिसेस क्लिमेक जिन्याखालून "काय गं, मेलीस का?" असं विचारतात).

तुझ्या गुडघ्याला आता उतार पडला असेल. नसेल, तर शाळेतली नोकरी सोडून इतकी वर्षं झाली तरी गॅदरिंगचे पडदे रंगवायला तू शिडीवर चढतेस हे मला ठाऊक आहे, आणि त्यावर डॉक्टरांकडे औषध नाही. आतोबा अजूनही रविवारी मैदानाच्या कडेला उभे राहून गोलरक्षकांना नावं ठेवतात ना? त्यांना हे पत्र वाचून दाखवताना जरा जपून वाच. इथली माणसं ज्या खेळाला फुटबॉल म्हणतात, त्यात चेंडूला पाय लागणं हा अपवाद असतो, आणि हे ऐकून गडहिंग्लजच्या जुन्या गोलरक्षकाला जे दुःख होईल ते माझ्यामुळे होऊ नये.

मागच्या व्हिडिओ कॉलवर तू विचारलंस, की दिवसभर ग्रंथालयाच्या तळघरात मुलांना संख्याशास्त्र शिकवणाऱ्या मुलीच्या नाकाचं साल कसं निघतं. बाबा शेजारी बसले होते म्हणून मी "इथली हवा कोरडी आहे" असं सांगितलं. ते खोटं नव्हतं, फक्त अपुरं होतं. पूर्ण उत्तर असं, की गेला सबंध हंगाम तुझी ऋजुता नेब्रास्काच्या वाऱ्यात, कॉलेजची टोपी घालून, फुटबॉलच्या मैदानाच्या कडेला डोक्यावर तांब्या धरून उभी होती. आता हे समजावून सांगायला मला थोडं मागे जावं लागेल, तेवढी सवड काढ.

आमच्या कॉलेजचे जुने मुख्य प्रशिक्षक उन्हाळ्यात निवृत्त झाले. त्यांचा आवाज असा होता, की ते आमच्या मुलांना ओरडले की नदीपलीकडच्या आयर्नडेल कॉलेजची मुलं दचकत. त्यांच्या जागी कोच हॉलुब आले. हे गृहस्थ कित्येक वर्षं एका शाळेत भूमिती शिकवत आणि फावल्या वेळात तिथला संघ सांभाळत. ते अजिबात ओरडत नाहीत. एखाद्याच्या हातून चेंडू निसटला, तर ते त्याच्याजवळ जाऊन, रुग्णाच्या नातेवाइकाशी बोलावं तसं बोलतात. कॉलेजने त्यांना एकाच हंगामाची नेमणूक दिली होती, आणि शेवटच्या सामन्यात आयर्नडेलकडून दुधाची किटली परत आणली नाही, तर त्यांची रवानगी पुन्हा भूमितीकडे होणार हे गावात सर्वांना पाठ होतं. (किटली म्हणजे खरोखरीची किटली, तुमच्या दूधसंघाच्या दारात उभी असते तशीच, फक्त अधिक पोचे पडलेली. दोन्ही कॉलेजांत दरसाल जो जिंकेल तो ती घेऊन जातो आणि त्याचा कप्तान सर्वांदेखत तिच्यातून थंड दूध पितो. मिसेस क्लिमेकच्या कैलासवासी यजमानांनी, हॅरॉल्डनी, तरुणपणी ते प्यायलं होतं, आणि आपण लग्नाला होकार देण्याचं दुसरं काहीही कारण नव्हतं, असं त्या शपथेवर सांगतात.)

मिसेस क्लिमेकना नवे कोच पहिल्या दिवसापासून खटकले. पहिले सामने आपण एकामागून एक हरलो, तेव्हा त्या माझ्यासमोर चिलीचा, म्हणजे इथल्या राजमा-खिम्याच्या रश्श्याचा, वाडगा आणि सोबत दालचिनीचा गोड रोल आदळून (मांसाशिवायची चिली त्या माझ्यासाठी वेगळी करतात आणि दर वेळी तिच्याकडे करुणेने पाहतात) म्हणाल्या, "अगं, हा कोच आहे की ग्रंथपाल? पोरगा चेंडू टाकतो, आणि हा बाबा म्हणतो काय, पुढच्या वेळी जरा बघून हं! माझा हॅरॉल्ड कुत्र्याशीसुद्धा याहून जोरात बोलायचा."

"कुत्र्याला कमी ऐकू येत असेल," मी नम्रपणे सुचवलं.

"तू बोलूच नकोस. तू त्याच्याच गोटातली."

ते खरंच होतं, आणि म्हणूनच मला त्या माणसाविषयी कुतूहल वाटू लागलं. हळू बोलणाऱ्या माणसाचं या गावात काय होतं, हे जाणून घेण्यात माझा स्वतःचाही स्वार्थ होता.

त्यांची माझी गाठ टॅडमुळे पडली. टॅड बोमगार्ट हा आमच्या संघातला सर्वांत अगडबंब मुलगा आणि माझा विद्यार्थी. मला तो 'प्रोफेसर' म्हणतो. मी प्रोफेसर नाही हे मी त्याला अनेकदा सांगितलं आहे, पण संख्याशास्त्राप्रमाणे तेही त्याच्या डोक्यात राहत नाही. चेंडू घेऊन पळणाऱ्यासाठी समोरच्यांना ढकलून वाट करून देणं एवढंच त्याचं काम. स्वतः चेंडूला हात लावायची वेळ अशा खेळाडूवर येतच नाही. एकदा मी सरासरी शिकवत असताना तो पेन्सिल खाली ठेवून म्हणाला, "प्रोफेसर, चार वर्षांत मला चेंडू मिळण्याची सरासरी शून्य आहे. ती काढायला भागाकार कशाला लावताय? उगाच जखमेवर गणित." यंदा त्याचं शेवटचं वर्ष. एकदा, फक्त एकदा, चेंडू कुशीत घेऊन धावावं एवढीच त्याची या जगाकडे मागणी होती.

तर टॅडची प्रगती विचारायला कोच हॉलुब माझ्या तळघरात आले आणि प्रगती विचारायचं विसरून भिंतीकडे पाहत राहिले. माझ्या भिंतीवर तू बालवाडीसाठी काढलेली चित्रं लावलेली आहेत: तांब्या, विळी, बंब, पोळपाट, पाटा-वरवंटा, जातं. (इकडे येताना मी लोणच्याची बरणी काढून ही चित्रं बॅगेत घातली होती, हे आईला अजून माहीत नाही.) त्यांनी एकेका चित्रासमोर उभं राहून हे काय, ते कशासाठी, यातला कुठला भाग फिरतो आणि कुठला स्थिर राहतो, असं सगळं विचारलं. जात्यापाशी ते बराच वेळ रेंगाळले. मग मीही धीर करून, गेली कित्येक वर्षं तळघरात बसून ज्या आरडाओरड्याचं मूळ मला कळलं नव्हतं, त्याविषयी विचारलं: ही मुलं दर चार पावलांनी थांबतात का? सगळेच जण सारखे मैदानाच्या कडेला का पाहतात? न हसता, फळ्यावर आकृत्या काढून, त्यांनी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं. आत्या, या गावात माझ्या प्रश्नाला आधी "तुला हेही माहीत नाही?" असं न म्हणणारा हा पहिला माणूस. तो भूमितीकडे परत जाऊ नये असं मला त्याच दिवशी मनापासून वाटलं.

अडचण अशी होती, की पुढची चाल कोणती हे मुलांना कडेवरून खुणांनी कळवावं लागतं, आणि जुन्या कोचच्या सगळ्या खुणा आयर्नडेलच्या शाळकरी पोरांनाही येत होत्या. कोच हॉलुबना नव्या खुणा हव्या होत्या. "ज्या वस्तूला नदीपलीकडे नावच नाही, ती तिकडे कुणाच्या लक्षात राहणार नाही," असं म्हणून त्यांनी तुझी चित्रं मागितली आणि मोठ्या फलकांवर उतरवून घेतली. पुढच्या आठवड्यात दारातून आडवी जाणारी ती धिप्पाड मुलं "विळी! विळी!" असा घोष करत मैदानाला फेऱ्या मारत होती. विळी म्हणजे चेंडू लांब फेकायचा, तांब्या म्हणजे डावीकडून पळायचं, बंब म्हणजे सगळ्यांनी एकदम पुढे घुसायचं. आणि जातं? जातं म्हणजे टॅडने मागे येऊन चेंडू घ्यायचा आणि सरळ पुढे चालत सुटायचं. हे फक्त सरावात, त्याचं मन राखण्यापुरतं. सामन्यात जातं कधीच वर जायचं नव्हतं.

एकाच वेळी तीन फलक वर जातात. त्यातला एक खरा, बाकीचे शत्रूला फसवायला. चित्रांची नावं अचूक येतात म्हणून मलाही एक फलक दिला गेला, आणि तोही खरा. पहिल्या सरावात माझे हात असे थरथरले, की निम्म्या मुलांना तांब्या बंब वाटला आणि दोन धष्टपुष्ट तरुण एकमेकांवर आदळून शेजारी शेजारी पडून राहिले. रात्रभर मला राजीनाम्याची वाक्यं सुचत होती. पण दैव बघ! दुसऱ्याच दिवशी कोचनी शांतपणे जाहीर केलं, की आजपासून मिस देसाईंचा फलक खोटा, खरा फलक कॅलेबचा. कॅलेब हा एक देखणा, आत्मविश्वासाने ओथंबलेला विद्यार्थी. तो आपला फलक देवळावर कळस चढवावा तसा वर नेतो. माझ्या जिवात जीव आला. खोटा फलक धरताना हात कशाला थरथरतील?

त्यानंतर आपण जिंकू लागलो. सगळे सामने नव्हे, पण गावातल्या उपाहारगृहात माणसं कोचचं नाव शिव्या न देता घेऊ लागली इतके. मी माझं खोटं काम अतिशय निष्ठेने केलं. (चाल सुरू झाली की मी भीतीने डोळे मिटत असे आणि कॅलेब प्रेक्षकांकडे पाहत असे, त्यामुळे मैदानात कुठलं चित्र खेळलं गेलं हे आम्हा दोघांनाही कळत नसे.) माझाच फलक खरा असा शत्रूला संशय यावा म्हणून कोच नेहमी माझ्याच शेजारी उभे राहत आणि चित्राचं नाव माझ्याच कानात सांगत. मुलंही माझ्याकडे टक लावून पाहत आणि कॅलेबकडे बघतसुद्धा नसत. काय त्यांचा अभिनय! मी एकदा टॅडला म्हटलंही, "तुम्ही सगळे नाटकात का जात नाही?" त्याने घसा खाकरला आणि कधी नव्हे ते स्वतःहून प्रमाण विचलनाचं उदाहरण सोडवायला घेतलं.

आणि मग आयर्नडेलचा सामना आला. वारा असा, की पापण्या गोठत होत्या. मिसेस क्लिमेक उशी, थर्मास आणि हॅरॉल्डचा फोटो घेऊन पुढच्या रांगेत. अखेरच्या क्षणी आपण थोड्याशा गुणांनी मागे, चेंडू जिच्यापलीकडे नेला की गुण मिळतात ती रेषा अगदी जवळ, आणि एकच चाल शिल्लक. किटली मैदानाच्या टोकाला एका टेबलावर ठेवलेली सगळ्यांना दिसत होती. कोच माझ्या कानात "तांब्या" म्हणाले, आणि तेवढ्यात पंच काहीतरी सांगायला आले म्हणून त्यांच्याकडे वळले.

मी तांब्या उचलणार, तोच टॅडने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्याची शेवटची चाल, शेवटचा सामना. यानंतर तो बापाच्या शेतावर मका काढायला जाणार. आत्या, मला वाटलं, माझा फलक तर खोटाच. निदान जाण्यापूर्वी एकदा, भर सामन्यात, याला जातं दिसू दे. निरोपाचा नमस्कार म्हणून. मी तांब्या खाली ठेवला आणि तुझं जातं दोन्ही हातांनी, अगदी स्थिर, डोक्यावर धरलं.

टॅडचं तोंड उघडंच राहिलं. मग तो मागे सरकला. बाकीचेही भराभर जागा बदलू लागले. (बघ बाई, कॅलेबनेही नेमकं जातंच उचललं, काय योगायोग, असं म्हणून मी कुतूहलाने त्याच्या फलकाकडे पाहिलं. त्यावर विळी होती. तिसऱ्या फलकावर पोळपाट होता.) त्या क्षणी मला जे कळलं ते कळून काही उपयोग नव्हता, कारण चेंडू टॅडच्या कुशीत गेला होता. तो धावला असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. तो निघाला. आयर्नडेलचे चौघे त्याला लोंबकळले, त्यांनाही त्याने बरोबर घेतलं, आणि रेषेपलीकडे जाऊन सगळ्यांसकट सावकाश आडवा झाला.

मैदानावर जो कल्लोळ उठला त्यात कोच हॉलुब माझ्याजवळ आले. त्यांचा चेहरा पांढराफटक होता. "मिस देसाई, मी तांब्या म्हटलं होतं."

"हो सर. पण माझा फलक खोटा आहे ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सबंध हंगामभर ती एवढी वांड मुलं, माझे हात थरथरू नयेत म्हणून, माझाच फलक खरा हे गुपित माझ्यापासून जपत होती, हे त्यांना सांगावं लागलं नाही. माझ्या चेहऱ्यावर ते आलंच असावं. त्यांनी टोपी काढली आणि असे गडगडून हसले, की पुढच्या रांगेतून मिसेस क्लिमेकचा आवाज आला, "ओरडला गं बाई! ओरडला एकदाचा मेला!"

दूध प्यायचा मान कप्तानाने टॅडला दिला. त्याला दूध पचत नाही, हे त्याने पिऊन झाल्यावर सांगितलं. कॅलेबला खरं काय ते अजून कुणी सांगितलेलं नाही. मुलांनी आपला हुकूम मोडला आणि केवळ नशिबाने निभावलं, असं तो गावभर सांगतो, आणि कोचनी आम्हा सर्वांना ते तसंच राहू द्यायला बजावलं आहे.

आतोबांना नमस्कार. स्वतःला जप, शिडीवर चढू नकोस.

तुझी,
ऋजुता

ता. क. कोच राहिले. पक्की नेमणूक झाली. "असला धाडसी डाव खेळायला छाती लागते" असं म्हणून उपाहारगृहातल्या मंडळींनी त्यांची पाठ इतकी थोपटली, की ते दोन दिवस वाकून चालत होते.

ता. क. दुसरा. आता मुख्य काम. आयर्नडेलच्या कुणीतरी शेजारच्या एका भारतीय डॉक्टरीणबाईंना चित्रीकरण दाखवून सगळ्या वस्तूंची नावं मिळवली आहेत. (बाई नागपूरच्या निघाल्या. आपलीच माणसं!) तेव्हा मला नवी चित्रं हवीत, आणि अशा वस्तूंची, की ज्या नागपूरकडेही ओळखता येऊ नयेत. आतोबांच्या जुन्या गुऱ्हाळातलं काही चालेल. शिवाय एप्रिलमध्ये मी येणार होते ते जमणार नाही, कारण वसंतातला सराव तेव्हाच असतो. बाबांना काय सांगायचं ते तूच ठरव. तुला ते घाबरतात.

ता. क. तिसरा. काल कोच मुद्दाम तळघरात येऊन सांगून गेले, की पुढच्या हंगामात माझा फलक खरोखरच खोटा असणार आहे. मी "बरं, सर" म्हटलं आणि मान खाली घातली. हात जराही थरथरले नाहीत. तेव्हा आत्या, रेषा जाड काढ. टॅडच्या जागी येणाऱ्या मुलाला लांबचं नीट दिसत नाही.