नाव माझंच, पत्रं त्यांची

ताई,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा वाकलो असं समज). तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचं घोरणं थांबलं नसणारच. इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे नाही.

माझं हेच नाव ठेवायचा हट्ट तू धरला होतास, तेव्हा आता भोग. त्याच नावाचे ते मोठे कादंबरीकार आमच्या टेकडीवर राहायला आले आणि त्यांच्या वाचकांची पत्रं माझ्या चष्म्याच्या दुकानात येऊ लागली. लोक पाकिटावर नुसतं नाव आणि गाव लिहितात, आणि पोस्टमनला चढ झेपत नाही. "नाव तुमचंच ना? मग घ्या की," म्हणतो आणि भिंगं घासायच्या यंत्रावर गठ्ठा टाकून जातो. एकदा मी तो गठ्ठा घेऊन धापा टाकत वर गेलो. दार उघडणाऱ्या बाईंनी, कोण, म्हणून विचारलं. मी नाव सांगितलं. "ते आत आहेत," म्हणाल्या आणि दार लावलं. (पुन्हा कडी वाजवायचा धीर झाला नाही. खरंच आत असलो तर?) गठ्ठा पायरीवर ठेवून खाली आलो.

पुढच्या गठ्ठ्यातलं एक पाकीट मात्र मी फोडलं. चुकलं, कबूल. एका निवृत्त शिक्षिकेनं विचारलं होतं, कादंबरीतल्या विधवेनं शेवटी घर का विकलं? बाईमाणसानं एवढं विचारावं आणि आपण गप्प बसावं, हे बरं दिसतं का? पाचशे पानं वाचली (गिऱ्हाइकांना तक्त्यावरची अक्षरं पुन्हापुन्हा वाचायला लावून). काही उमगलं नाही. मग मनानंच लिहिलं, एवढ्या खोल्या एकटीनं झाडायचा कंटाळा आला असेल. खाली सही ठोकली. सही खोटी नाही ताई, एवढं तरी मान.

उलट टपाली उत्तर आलं. वर्षभर पत्रं चालली. कादंबऱ्या केव्हाच मागे पडल्या. आई गेली त्या दिवसाबद्दलही मी त्यांना लिहिलं, जे तुझ्याशीही कधी बोललो नाही. परवा त्यांनी कळवलं, तुमच्या पुस्तकांपेक्षा तुमची पत्रं मला जवळची वाटतात, शनिवारी भेटायला येते. वाचून मी दुकानात चक्क नाचलो (शेजारच्या शिंप्यानं पाहिलं), आणि मग आठवलं. त्या टेकडीवरच्यांचा फोटो प्रत्येक पुस्तकाच्या मागे छापलेला असतो, डोक्यावर हे एवढं केसांचं रान! माझ्या डोक्याची अवस्था तू जाणतेसच. खरं सांगावं तर जन्मात मिळालेली एकुलती एक वाचक जाणार. आणि सांगितलं नाही, तरी त्यांना डोळे आहेतच.

ठरवलंय, खरं सांगायचं. फार भीती वाटते गं.

तुझा धाकटा
(नाव लिहीत नाही, उगाच तुलाही शंका नको)

ता. क. : मी लिहून पदरच्या पैशानं छापलेल्या त्या एकमेव पुस्तकाची एक प्रत तुझ्याकडे आहे. बाकीच्या वाळवीनं आवडीनं संपवल्या. ती शनिवारच्या आत पाठव. बाईंच्या हातात ठेवून सांगणार आहे, की हा मी.

आणखी एक : गेल्या खेपेला आलो तेव्हा तुझ्या कपाटातली ती प्रत मी हळूच काढून पाहिली होती. छापखान्यातून कडा न कापता, जोडलेली आलेली पानं अजून तशीच आहेत. रागावलो नाही. फक्त आता घाईघाईनं सुरी लावू नकोस. पहिल्यांदा त्यांनाच उघडू देत.