स्टोअरकीपरचा मेहुणा

९ फेब्रुवारी, सकाळी ७
मेहुणा परवापासून बेपत्ता. वय एकेचाळीस, नोकरी नाही, डॉक्टरांच्या गोळ्या स्वतःच्या मर्जीने बंद. दोन वर्षं आमच्या मागच्या खोलीत मुक्काम. फोन चार्जिंगला लावूनच गेला. बायको सारखी रडते आहे. तिला म्हटलं, अठरा वर्षं कंपनीचं स्टोअर सांभाळतोय, एक वॉशर हरवू दिला नाही. हा तर सहा फुटी माणूस. आठ दिवसांत हजर करतो. तिने पदराने डोळे पुसले. विश्वास बसला असावा.

त्याच दिवशी, सायंकाळी
पोलीस चौकीत जाऊन आलो. हवालदाराला आमचं तत्त्व समजावलं: वस्तू हरवत नाही, चुकीच्या रॅकवर जाते. त्याने जांभई दिली. मग विचारलं, शेवटचं बोलणं कोणाशी झालं? म्हटलं, माझ्याशी, सकाळी. काय बोललात? म्हटलं, जनरल. त्याने तसंच लिहून घेतलं. या लोकांच्या तपासाला खोली नाही.

११ फेब्रुवारी
आमच्याकडे प्रत्येक रॅकवर मालाचं कार्ड लटकवतात. तसं एक मेहुण्याचं करायला घेतलं. वर्णनातच अडलो. दाढी होती का? बायकोने सगळं घडाघडा सांगितलं, हनुवटीवरच्या व्रणासकट. मी दोन वर्षं त्याच्या समोर बसून जेवलो. पण जेवताना लक्ष ताटात असावं, ही चांगलीच सवय आहे.

१४ फेब्रुवारी
शहराचे बारा भाग पाडले. भाग पहिला, बसस्टँड. तासभर चौकशी केली. पाय दुखले म्हणून बूट काढून बाकावर टेकलो, जरा डोळा लागला. बूट गेले. अनवाणी घरी आलो. बायकोने पाणी दिलं, पायांकडे पाहिलं आणि पाय धुवायला बादली भरली. समंजस बाई.

१७ फेब्रुवारी
आठ दिवस संपले. तांत्रिक अडचणींमुळे मुदत महिनाभर वाढवली.

२ मार्च
सापडला! तीच चाल, तोच निळा शर्ट. भाजीबाजारापर्यंत मागे गेलो, खांद्यावर हात ठेवून म्हटलं, चल घरी, झालं गेलं विसरून जा. तो कुठल्याशा शाळेचा शिपाई निघाला. म्हणाला, जेवण असेल तर येतो. लोक हसले. झालं गेलं असं मी का म्हणालो कोण जाणे. झालं तर काहीच नव्हतं.

२० मार्च
मेहुण्याच्या डॉक्टरांना भेटलो. त्यांनी विचारलं, घरात कोणी टाकून बोलायचं का? म्हटलं, छे, आमच्याकडे मोकळं वातावरण आहे. त्यांनी माझंच ब्लडप्रेशर तपासलं आणि मलाच गोळ्या दिल्या.

२३ मार्च
गोळ्या बंद केल्या. माझं मला कळतं.

७ एप्रिल
हवालदाराची बदली. नव्या हवालदाराने पहिल्यापासून सुरुवात केली. शेवटचं काय बोललात? मी भडकलो. म्हटलं, फाइल वाचत जा! तो म्हणाला, वाचली. तिथे जनरल लिहिलंय.

१९ मे, दुपार
आज मागची खोली आवरायला गेलो. बायको म्हणाली, राहू द्या. एवढंच म्हणाली, आणि माझं तोंड सुटलं. सगळं सांगून टाकलं. त्या सकाळी त्याच्या हातून दूध उतू गेलं. मी म्हणालो होतो, तुझ्यापेक्षा भंगार बरं, निदान कोणी उचलून तरी नेतं. गमतीत म्हणालो होतो. तोही हसला. गॅस पुसला, कप विसळून पालथा घातला आणि गेला.

आता रडारड होणार म्हणून मी खाली बघत उभा राहिलो. ती म्हणाली, मला माहीत आहे, मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. सव्वातीन महिने दोघांची वाट बघतेय, म्हणाली. त्याच्या येण्याची, आणि तुमच्या बोलण्याची.

तुमचा काही दोष नाही, असं ती म्हणेल असं वाटलं होतं. बराच वेळ थांबलो. ती म्हणाली नाही. त्याच्या गादीवर धुतलेली चादर घालत होती. मी दुसरं टोक धरलं.