आरशात कंडक्टर दिसला नाही तर

डोणगाव, ता. मेहकर,
जि. बुलढाणा.
४ नोव्हेंबर २०२५

चि. समीक्षा,

तुझ्या बाबांचे आशीर्वाद, आणि आईचेही. ती आत वरणाला फोडणी देते आहे, म्हणून तिचे आशीर्वाद ओरडून आले आहेत. इकडे सगळं ठीक. सोयाबीन घरात आलं, कापसाची वेचणी सुरू आहे, सकाळी अंगावर काहीतरी घ्यावं लागतं एवढी थंडी पडली आहे. तू नेलेला चिवडा संपला असेल तर कळव. आईने तुझ्या नावाने आणखी एक डबा भरून ठेवला आहे आणि त्याला ती मला हात लावू देत नाही.

आजच्या काळात बाप पत्र का लिहितो, असं तुला वाटेल. फोन तुझी आई स्पीकरवर ठेवते, आणि मी जरा गंभीर बोलायला लागलो की तू ‘बाबा, मी एकदम ठीक आहे’ म्हणून मोकळी होतेस. कागदाला असं मध्येच तोडता येत नाही. शिवाय मला जे सांगायचं आहे ते माझ्या तोंडून निघत नाही. तीन दिवस झाले, दुपारी जेवण झालं की लिहायला बसतो, पीकपाण्याचं लिहितो आणि कागद फाडतो. आजही पीकपाण्यापासूनच सुरुवात केली आहे, पण हा कागद फाडायचा नाही असं ठरवलं आहे.

दिवाळीत तू गच्चीवर ताटलीत शेंगदाणे आणि फुटाणे मांडून मला तुमच्या हेलिकॉप्टरांच्या स्क्वाड्रनचा कारभार समजावलास. खरे आकडे तू सांगितले नाहीस आणि मीही विचारले नाहीत, सगळं ‘समजा’वर चाललं होतं. समजा बारा पायलट. बोर्डावर प्रत्येकाच्या नावापुढे पट्ट्या. रात्रीच्या उड्डाणाची एक, ढगात नुसत्या यंत्रांच्या काट्यांवर विसंबून उडण्याची एक, इंजिन बंद पडल्याच्या सरावाची एक, धुळीत उतरण्याची एक. प्रत्येक कामाला मुदत. मुदतीत केलं तर पट्टी हिरवी, मुदत संपत आली की पिवळी, संपली की लाल. एकदा लाल झाली की माणूस कितीही जुना असो, शेजारी शिकवणारा बसवल्याशिवाय त्याला ते काम करता येत नाही. रोज सकाळी साहेबांसमोर वाचायचं की आज हेलिकॉप्टर किती तयार आणि माणसं किती तयार. आत्ता हुकूम आला तर स्क्वाड्रन निघू शकेल की नाही, ते त्यावरून कळतं.

मला हे फार आवडलं होतं. तुझ्या आईला आवडलं नाही. “शेंगदाने खायाचे हायेत का मांडायाचे?” म्हणून ती ताटली न्यायला आली, तेवढ्यात तू त्यातला एक दाणा उचललास आणि म्हणालीस, समजा ही एक पायलट.

ती एका रात्री ढगात शिरली. काटा सांगत होता की हेलिकॉप्टर सरळ आहे, पण तिचं अंग सांगत होतं की ते डावीकडे कलंडलं आहे. तिने अंगाचं ऐकलं. थोडेच सेकंद. मग भानावर येऊन काट्यांवर आली. शेजारच्याला वाटलं वाऱ्याचा झोत होता. उड्डाण पूर्ण झालं, तास लिहिले गेले. तिची रात्रीची पट्टी त्याआधी पिवळी होती, ती हिरवी झाली. म्हणजे ज्या उड्डाणात ती सगळ्यात जास्त भ्याली, त्याच उड्डाणामुळे ती कागदावर तयार ठरली.

एवढं सांगून तू मला विचारलंस, “बाबा, तुमचं कधी असं झालं का? गाडी चालवतानी काही दिसलंच नाही, अन् कोनाले सांगताबी आलं नाही?”

मी काय म्हणालो ते तुला आठवत असेल. मी म्हणालो, एकतीस वर्षं एस.टी. चालवली, एक अपघात नाही, विश्वास नसेल तर कपाटातला बिल्ला पाहून घे. तू हसलीस आणि तो दाणा खाऊन टाकलास.

तू तुझंच सांगत होतीस. मला ते तिथेच कळलं होतं. कळूनही मी विषय बदलला, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर मला माझं सांगावं लागलं असतं.

त्या दिवसापासून मला भीती वाटते. आधी वाटत नव्हती असं नाही. पण ती साधी होती, लेक वर उडते आहे म्हणून वाटणारी. ही निराळी आहे. परवा मेहकरला जाताना शेजाऱ्याचा फोन वाजला तर मी माझाच खिसा चाचपला. टीव्हीवर हेलिकॉप्टरचं नुसतं नाव निघालं तरी मी बंद करतो, तुझी आई म्हणते म्हातारपण आलं. येऊ दे, म्हातारपणाला मी भीत नाही.

आणि रविवारी तुझा फोन आला. वीस तारखेला वरून तपासणी पथक येणार, रात्रीच्या कामगिरीसाठी अमुक इतके पायलट तयार आहेत हे उडून दाखवायचं, मागे जवान बसवून त्यांना उतरवायचं, आणि त्या यादीत तुझं नाव आहे. तू म्हणालीस, “माझ्यामुळं कोरम भरला, बाबा.” आईने देवापुढे साखर ठेवली. मी चप्पल घालून बाहेर गेलो आणि बस स्टँडपर्यंत कशाला गेलो ते मलाही माहीत नाही. ग्रामपंचायतीने लावलेला तुझ्या अभिनंदनाचा फलक अजून तिथे आहे. त्याच्याकडे मला बघवलं नाही.

आता माझं सांगतो.

माझा कंडक्टर रहेमतुल्ला, तुझा चाचा, त्याचा पाय कसा गेला हे तू लहानपणापासून ऐकत आली आहेस. हिवरा आश्रमाच्या उत्सवाची जादा गाडी होती, चाचाचा पाय घसरला आणि तो चाकाखाली आला. चौकशीतही त्याने हेच सांगितलं. तू तेव्हा अकरा वर्षांची होतीस आणि दवाखान्यात त्याच्यासाठी डबा घेऊन जायचीस.

त्याचा पाय घसरला नव्हता. मला तो दिसला नव्हता.

त्याच्या आधी वर्षभर मला दिवस मावळायच्या सुमाराला नीट दिसत नव्हतं. समोरच्या गाडीचा दिवा लागला की सगळं धुरकट व्हायचं. लवकर झालेला मोतीबिंदू होता, पण मी डॉक्टरकडे गेलोच नाही. गेलो असतो तर स्टिअरिंगवरून उतरवून मला कुठेतरी टेबलाशी बसवतील असं वाटायचं. गाडीच्या टपाएवढी माझी ऐट होती, तिचं काय झालं असतं. मग डोळे तपासायची वेळ आली. त्या दिवशी रहेमतुल्ला माझ्या आधी आत गेला, तक्त्यावरच्या खालच्या तीन ओळी पाठ करून आला आणि चहाच्या टपरीवर त्याने त्या माझ्याकडून घोकून घेतल्या. मी आत जाऊन पोपटासारख्या म्हटल्या. कागदावर शेरा पडला, दृष्टी उत्तम. आम्ही दोघांनी भजी खाऊन तो साजरा केला. तुझ्या भाषेत, मी हिरवा झालो.

ड्रायव्हरला पहिल्या महिन्यात शिकवतात की गाडी मागे घेताना कंडक्टर खाली उतरून शिट्टी वाजवतो, तो आरशात दिसत राहिला पाहिजे. आरशात कंडक्टर दिसला नाही तर गाडी थांबवायची, मागे कितीही हॉर्न वाजोत. हिवऱ्याला शेतातच तात्पुरता स्टँड केला होता. माणसांची गर्दी, धूळ, सूर्य नुकताच बुडालेला. मी गाडी मागे घ्यायला लागलो आणि आरशात मला नुसती करडी धूळ दिसली. शिट्टी मात्र ऐकू येत होती. मी थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर सगळ्यांनी विचारलं असतं, का थांबलास, दिसत नाही का. माझ्या मनात तेवढंच होतं, समीक्षा. कोणी विचारू नये. मग शिट्टी बंद झाली. शिट्टी बंद झाली की थांबायचं असतं, तेव्हा मी थांबलो. तोवर मागचं चाक त्याच्या डाव्या पायावर चढलं होतं. मागे ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती, त्याला सरकायला जागाच नव्हती.

दोन महिन्यांनी मी सुट्टी टाकून डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. तुला तो काळा चष्मा आठवत असेल. डोळे आलेत असं मी घरात सांगितलं होतं. पुढची तेरा वर्षं मी नीट बघून गाडी चालवली, एवढंच माझ्या बाजूने सांगता येईल. पण तो बिनअपघाती सेवेचा बिल्ला रहेमतुल्लाच्या खोट्यावर मिळाला आहे.

काल मी त्याच्या घरी गेलो. तुला लिहायच्या आधी त्याची परवानगी घ्यायला हवी होती. ताहेराभाभी तिथेच तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांच्या देखत बोललो. मला वाटलं होतं त्याने निदान बायकोला तरी सांगितलं असेल. नव्हतं सांगितलं. सोळा वर्षं त्या नवऱ्याला बोलत आल्या होत्या की नीट पाय ठेवायचीही अक्कल नाही. माझं ऐकून त्या ताट तिथेच ठेवून आत गेल्या, आणि मी निघेपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

मी रहेमतुल्लाला विचारलं, मला दिसत नाही हे तुला माहीत होतं, तक्ता तर तूच शिकवला होतास, मग तू माझ्या गाडीच्या मागे उभाच का राहिलास. तो म्हणाला, “माहीत तर होतं बे. पन तू गाडी मागं घेतली, म्हनून मले वाटलं, तुले मी दिसून राह्यलो असीन.”

हे ऐकल्यापासून माझ्या जिवात जीव नाही. तुझ्या मागे जे बसतील त्यांना ढगाचं काय माहीत. तू दार लावून उडालीस म्हणजे तुला जमतं, एवढंच ते धरून चालणार. बोर्डही तेच सांगतो. बोर्डाला फक्त एवढं कळतं की तू किती दिवसांपूर्वी उडालीस. तुझ्या अंगाला त्या वेळी काय वाटलं हे तू सांगितल्याशिवाय त्याला कळायचा दुसरा रस्ता नाही.

तुला जे झालं तो गुन्हा नाही. तूच म्हणालीस की भल्याभल्या पायलटना होतं, ढगात अंग फसवतं, म्हणून तर तो सराव असतो. गुन्हा पुढे सुरू होतो, लपवण्यात. वीस तारखेच्या आत तुमच्या डॉक्टरला सांग, तुला शिकवणाऱ्या साहेबांना सांग. ‘समजा’ म्हणू नकोस, माझं झालं म्हण. पट्टी लाल होईल. कोरम मोडेल. कोणी म्हणेल, बाईमाणूस, भ्याली. फलकही उतरवतील कदाचित. महिना-दोन महिने जमिनीवर ठेवतील, की कायमचं, ते मला माहीत नाही. खोटा धीर देत नाही. तू बारावीपासून याच एका गोष्टीमागे धावलीस, आणि आज मी तुला सांगतो आहे की ती गमावली तरी चालेल. माझ्या पापाचं ओझं तुझ्या अंगावर टाकतो आहे का, याचीही मला भीती वाटते. पण त्या भीतीसोबत मी जगू शकेन.

आईला यातलं काही माहीत नाही. पत्र टाकून आलो की सांगणार आहे. आधी सांगितलं तर ती पोस्टात जाऊ देणार नाही. पुढच्या रविवारी तिच्या हातून फोन घेऊन मी आत जाईन. त्या वेळी मला फक्त सांग की तू बोललीस की नाही. हवापाण्याचं नको.

हे वाचल्यावरही हाक मारावीशी वाटली तर,
तुझा बाबा,
वामन

ता. क. हे पत्र पाकिटात घालण्याआधी रहेमतुल्लाला वाचायला दिलं. खालचं त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं आहे.

बेटी समीक्षा, तुझा बाप खरं लिहून राह्यला. मले त्याचा राग नव्हता, कालपासून थोडा आला हाय, तो आमी दोघं पाहून घेऊ. तू एक काम कर. साहेबाले सांगनार नसशीन तर तुझ्या मांगं जे बसनार हायेत, त्यायची नावं मले लिहून पाठव. रहेमतुल्ला.