बादलीनं उपसलेला गॅस

रत्नागिरी बंदर,
९ नोव्हेंबर २०२५

ख्वाजाचाचा, सलाम.

तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? मी इथं मच्छीमार बोटीवर सहा माणसांचा स्वयंपाक करून राह्यलो. आधी मासळीच्या वासानं जीव नको झाल्ता, आता भाकरीसंग तीच खातो. हे पत्र तुमच्या लेकाकडून, अकिबकडून वाचून घ्या. त्यालाबी कळावं असं यात आहे.

चाचा, तुमच्यामुळं आम्ही सहाजण जिवंत आहोत. लाटांनी लवंडू नये म्हणून गॅसची टाकी मी बोटीच्या पोटात ठेवल्ती, आपल्याकडं ओट्याखाली ठेवतात तशी. परवा सकाळी खाली उतरलो तर गॅसचा वास! तांडेल, म्हणजे आमचा कप्तान, इंजिन चालू करायला निघाल्ता. मी बोंबललो, "कशालाच हात लावू नका!" टाकी बंद केली, अन् तुमचं बोलणं आठवलं. "ग्यास खाली बसतो, बाबा. घरात दार उघडलं की उंबऱ्यावरून जातो. खड्ड्यात साचला तर बादलीनं उपसावा लागल." बोटीच्या तळाला कुठलं आलंय दार?

मंग झाकणं उघडी टाकून आम्ही प्लॅस्टिकच्या बादल्यांनी उपसत बसलो. बादलीत दिसत काहीच नव्हतं. शेजारच्या बोटीवरचे लोक पोट धरून हसले. हसू द्या. नंतर टाकी वर आणून जराशी सोडली, साबणाचा फेस लावला, तर नळीच्या जोडावर बुडबुडे! आता नळी नवी आहे, अन् टाकी वर मोकळ्या हवेत, उभी, दोरीनं आवळलेली.

तुम्ही ते बोललात तो दिवस आठवतो? आमच्या तृप्तीचा साखरपुडा. पाहुणे दारात, अन् चिरलेली नळी बघून तुम्ही टाकी जोडून दिली न्हाई. आईनं चुलीवर स्वयंपाक केला. मला लई लाज वाटली, राग आला.

आठ दिवसांनी तुमच्या गॅस एजन्सीत निनावी अर्ज गेल्ता, ख्वाजामियाँ दारू पिऊन टाक्या वाटतो म्हणून. तुम्ही जन्मात दारूला शिवला न्हाई, तरी टाक्यांच्या टेम्पोवरून उतरवलं, कामावरून काढलं तुम्हाला. चाचा, तो अर्ज मी लिहिल्ता.

अन् आई फोनवर सांगती, तुम्ही अजूनबी आमची नळी बघून जाता. ते ऐकलं अन् कागद घेऊन बसलो.

एजन्सीला आज खरं ते लिहून धाडलंय. नक्कल सोबत आहे. अकिबनं ती आपल्या टेंभुर्णीच्या स्टँडवर, समद्या गावासमोर मोठ्यानं वाचावी. माफी मागायला मला तोंड न्हाई. तुमचे उपकार मात्र रोज शेगडी पेटवताना आठवतो.

त्या अर्जाखाली नाव नव्हतं. इथं आहे.

कल्याण कचरू जंजाळ