दुसऱ्या ब्रेकवरचा पाय

३ जून
उजव्या पायातली चप्पल पुन्हा जिन्यातच राहिली. बायको मागून घेऊन आली. म्हणाली, अहो, तुमचा पाय फरफटतोय. मी म्हटलं, चप्पल सैल झालीय. तर तिने स्वतः घालून बघितली! हिला प्रत्येक गोष्टीची शहानिशा लागते.
संकल्प : नवे बूट.

६ जून
नवे बूट बेकार. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या, म्हणजे माझ्या, पायाशी दुसरा ब्रेक असतो. आज शिकाऊ मुलीने गाडी थेट फाटकावर घातली. मी ब्रेक मारायला गेलो, तर बुटाचं टोक पेडलच्या खालीच अडकलं. फाटकाला जरासा धक्का. मुलगी रडत म्हणाली, सर, ब्रेक का नाही मारलात? म्हटलं, मुद्दाम. अनुभव यावा म्हणून.
स्कूलचे मालक आधी फाटकाकडे बघत राहिले, मग माझ्या पायाकडे.

७ जून
मालक म्हणतात, नसांची टेस्ट करा. रिपोर्ट आल्याशिवाय शिकवायच्या गाडीत बसायचं नाही. मी! त्यांच्या सख्ख्या भावाला क्लच कळला तो माझ्यामुळे. गाडीत बसायचं नाही तर मी करू काय? घरी भाज्या निवडू?
बायको म्हणाली, मग तोवर मला शिकवा. घरच्यांना शिकवायचं नाही, हे माझं तत्त्व. शिवाय तिला ते जमणारं नाही. तसं स्पष्टच सांगितलं. ती भाजी निवडायला बसली. पटलं असावं.

९ जून
टेस्टची तयारी सुरू. इतक्या लोकांना टेस्ट पास करून दिली, मला कोण नापास करतो! खुर्चीत पायावर पाय टाकून, उजवा वर, मन शांत ठेवायचं. गाडीतही मी असाच बसतो. शिकणाऱ्याला धीर येतो. ब्रेक मारायची वेळ आली की पाय येतोच खाली.

१२ जून, दुपारी
टेस्ट झाली. टेबलावर झोपवलं, पायांना चिकटपट्ट्या, वायरी. टेस्टवाल्या बाई नसेवर करंट देतात, पंजा उडतो, स्क्रीनवर रेघ उठते. पहिला झटका डाव्या पायाला. मी 'आई गं!' म्हणून ओरडलो. बेसावध होतो. पंजा टुणकन उडाला.
मग उजवा. इथे मात्र दाखवून दिलं. बाई करंट वाढवत गेल्या, मी हूं की चूं केलं नाही. पंजासुद्धा जागचा हलू दिला नाही. जाणवतंय का, विचारलं. म्हटलं, अजिबात नाही, वाढवा बिनधास्त! त्यांनी कागदावर काहीतरी लिहून घेतलं. मग सुई टोचून म्हणाल्या, पंजा वर उचला. उचलला. पुन्हा म्हणाल्या, उचला. अहो, उचललाय की!
बायकोने तोंड फिरवलं. तिला सुया बघवत नाहीत.
अंदाज : डावा काठावर पास, उजवा फर्स्ट क्लास.

१४ जून
डॉक्टरांनी सगळं उलटंच सांगितलं. डावा ठणठणीत. उजव्याची, पंजा उचलणारी नस गुडघ्याजवळ दबलीय. पायावर पाय टाकून बसता का? मी म्हटलं, छे! बायकोने माझ्या गुडघ्याकडे बोट दाखवलं. तसाच बसलो होतो.
सुधारेल म्हणे, पण महिने लागतील. कदाचित पूर्ण नाहीच. तोवर ब्रेक बंद.
घाबरलोय. इथे लिहायला काय जातंय, कोण वाचणार आहे.

२० सप्टेंबर
बायको रोज सकाळी फिरायला जाते, असं मी समजत होतो. ती मालकांकडे शिकत होती. माझ्याच गाडीत, माझ्या जागेवर मालक. काल लायसन्स मिळालं. आज पायाचा व्यायाम करून घेणाऱ्या बाईंकडे मला तीच घेऊन गेली, आमच्या घरच्या गाडीतून.
चौकात सायकलवाला आडवा आला. मी ब्रेक मारला. गाडी अलगद थांबली, हिसका नाही, काही नाही. शाबास रे पाया! इतका आनंद झाला की डोळे भरून आले.
मग खाली बघितलं. घरच्या गाडीला दुसरा ब्रेक नसतो.
बायकोला म्हटलं, चांगला मारलास. ती समोर बघतच म्हणाली, पाय खाली घ्या. उजवा डाव्यावर आरामात पसरला होता. दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवला.